मोबाईलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स: तीन महिने फक्त फुलपाखरं आणि पतंगांच्या डोळ्यांवर वापरली

सातशेच्या आत मिळणारी, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी बसवायची लेन्स. पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतली आणि एकाच कामाला वापरली, त्यामुळे दागिने, नाणी वगैरेचे फोटो कसे येतात ते मला विचारू नका.

पहिला खरा फोटो मिळाला तो सोसायटीतल्या बहाव्यावर. सकाळी सातला कॉमन एमिग्रंट फुलपाखरू नुकतंच कोषातून बाहेर आलेलं, पंख वाळवत लटकलेलं, उडता येत नव्हतं म्हणून लेन्स अगदी बोटभर अंतरावर नेता आली. पिवळसर हिरवा डोळा, त्यावर काळे ठिपके, आणि मी मोबाईल डावीकडे सरकवला तर ठिपकेपण डावीकडे सरकले! आधी वाटलं लेन्सलाच काहीतरी लागलंय, पुसून परत बघितलं, तेच. मग वाचलं की हे ठिपके डोळ्यावर रंगवलेले नसतातच. डोळा म्हणजे हजारो नेत्रिका, प्रत्येकीचं वर स्वतःचं बारीकसं भिंग, खाली पारदर्शक शंकू आणि तळाशी प्रकाश टिपणारा दांडा. ज्या नेत्रिका त्या क्षणी नेमक्या तुमच्याकडे रोखलेल्या असतात त्या तुमच्या बाजूने आलेला प्रकाश पिऊन टाकतात, म्हणून तेवढीच जागा काळी दिसते. फोटो मोठा केला तर जाळी दिसते, मधोमध स्वच्छ, कडेला धूसर, कारण डोळा गोल आणि लेन्सचा फोकस कागदाएवढा पातळ.

पण पैसे खरे वसूल झाले ते पतंगावर. बाल्कनीत तगर आहे, तिच्यावर ऑलिएंडर हॉकमॉथच्या अळ्या येतात, आणि एका रात्री मोठा पतंगच भिंतीवर बसलेला. टॉर्च मारला तर डोळे निखाऱ्यासारखे पेटले. बहुतेक फुलपाखरांत प्रत्येक नेत्रिकेभोवती रंगद्रव्याची भिंत असते, शेजारणीचा प्रकाश आत येत नाही, भर उन्हात ते पुरतं पण अंधारात काही कामाचं नाही. पतंगाच्या डोळ्यात शंकू आणि दांडा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे शेकडो भिंगांतला प्रकाश एकाच जागी गोळा होतो, आणि तळाशी आरशासारखा थर असतो तो उरलेला प्रकाश परत फेकतो. तीच ती चमक. टॉर्च चालू ठेवला तर काही मिनिटांत विझत जाते, रंगद्रव्य खाली उतरून मोकळी जागा झाकतं म्हणून. तेव्हा आधी फोकस लावून ठेवा आणि टॉर्च शेवटी मारा, मी पहिले तीन फोटो असेच घालवले.

जे दिसत नाही ते पण सांगते. पतंगाच्या भिंगांवर सुमारे 200 नॅनोमीटरचे उंचवटे असतात, प्रकाश परावर्तित होऊ न देणारे, त्यांचीच नक्कल करून चमक न मारणारे लेप बनवतात. ते उंचवटे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. आणि ब्लूबॉटलसारख्या चपळ फुलपाखराला ही लेन्स कुचकामी आहे, ओल्या मातीवर पाणी प्यायला बसलेलं असलं तरी बोटभर अंतरावर कोण येऊ देतंय. वाईट वाटतं, कारण जपानी संशोधकांना 2016 मध्ये त्याच्याच डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशींचे किमान 15 प्रकार सापडले, आपल्या माणसांच्या डोळ्यात रंगांसाठी तीन.

तक्रारी दोन. क्लिपचं रबर पंधरा दिवसांत निघालं, मी फेविक्विकने चिकटवलं. आणि पहिली लेन्स ओरखडे असलेली आली, बदलून मिळायला आठ दिवस रोज मेसेज करावे लागले. कव्हर काढूनच लावावी लागते, आणि दोन-तीन कॅमेऱ्यांचा मोबाईल असेल तर मेन कॅमेऱ्यावर नीट बसतेय का ते बघा.

पाचपैकी चार. घेणार असाल तर पाऊस आहे तोवर घ्या, गच्चीत पांढरी चादर टांगून एक बल्ब लावला की पतंग आपणहून येऊन बसतात, आणि फुलपाखरांसारखे लगेच उडत नाहीत.