पीएचडीसाठी काय घ्यावं: देशोदेशींचा डेटा की निपाणीतलं सोनंतारण?

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडची अर्थशास्त्राची मुलं वित्तीय स्थैर्यावर पीएचडी करायची म्हणतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. एकेक बँक सुदृढ असली तरी सगळी व्यवस्था कोलमडू शकते, हे 2008 च्या जागतिक आर्थिक संकटानं दाखवलं. ती सामायिक जोखीम आवरणारे नियम म्हणजे मॅक्रोप्रुडेन्शियल धोरण. अभ्यासाच्या वाटा मात्र दोन आहेत.

पहिली, देशोदेशींची तुलना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आयमॅप हा अशा धोरणांच्या नोंदींचा डेटासंच 1990 पासूनचा, 130 हून जास्त देशांचा, आणि तो फुकट मिळतो. अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून अर्थव्यवहार तपासण्याचं तंत्र, पक्की असेल तर घरबसल्या काम सुरू करता येतं. सेरुटी, क्लासेन्स आणि लेवेन यांचा 2017 चा 119 देशांचा अभ्यास याच वाटेवरचा. पण नियम आवळला की अधिक एक, सैल केला की उणे एक, अशीच बहुतेक नोंद असते. शिवाय कर्जवाटप फुगतं तेव्हाच नियम आवळतात, मग कारण कुठलं नि परिणाम कुठला हे सोडवताना दमछाक होते. वाटेवर गर्दीही फार.

दुसरी, एकेका कर्जाच्या नोंदीत शिरण्याची. आपल्या भागाला हीच शोभते. रिझर्व्ह बँकेनं जून 2025 मध्ये सोनंतारणाचे नवे नियम काढले: कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80, त्यापुढे 75. अंमलबजावणीची मुदत 1 एप्रिल 2026. ही मर्यादा घरगुती खर्चाच्या कर्जाला आहे, उत्पन्नासाठीच्या कर्जाला नाही. आता काउंटरवर बघा. सराफ पाटल्या कसाला लावतो, लाखेचं वजन वजा करतो, आणि अर्जात ‘कर्जाचा उद्देश’ हा रकाना येतो. उसाचं बिल यायच्या आधी आलेली बाई तिथं काय लिहिते, शेती की घरखर्च? नियम लागू होण्याआधी आणि नंतर हा रकाना बदलला का, अडीच लाखांच्या जरा खाली कर्जांची दाटी झाली का, हे मोजता येतं.

पतसंस्था आणि कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखालच्या सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमांबाहेर आहेत. ब्रिटनमध्ये बँकांवरचं बंधन वाढलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश परिणाम परदेशी बँकांच्या शाखांतून निसटला, असं ऐय्यर, कॅलोमिरिस आणि वीलाडेक यांनी 2014 मध्ये दाखवलं. इथली गळती पतसंस्थांकडे होते का, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आणि दप्तर कन्नडमध्ये, कर्जदाराचं बोलणं मराठीत. दोन्ही कळणारा संशोधक बाहेरून आणावा लागत नाही.

या दुसऱ्या वाटेचा खर्च वेळेचा आहे. नोंदी बघायच्या परवानगीला महिने जातात. नोकरी सांभाळून तीन-चार वर्षांत संपवायचं असेल तर पहिलीच वाट धरा. वेळ असेल तर दुसरी. पण नोंदणीआधी एका संस्थेचं लेखी परवानगीपत्र हातात घ्या, आणि जुन्या नोंदींत वजन, रक्कम, उद्देश हे तिन्ही रकाने भरलेले आहेत का, ते स्वतः बसून तपासा.