‘खराब’ हार्डडिस्क आणि तीन वेळा भरलेलं बिल

विंडोज एक्सपीवर चालणारा जुना कॉम्प्युटर अजून कुणी वापरत असेल, तर आधी हे वाचा आणि मगच रिपेअरवाल्याला बोलवा.

माझा पीसी अचानक रखडायला लागला. फाइल कॉपी करायला लावली की माउस अडखळायचा, गाणं तुटक वाजायचं. रिपेअरवाला म्हणाला, “हार्डडिस्क गेल्यात जमा आहे.” नवी घातली. जुनी त्यानेच ठेवून घेतली, भंगारातच जाणार म्हणून. पीसी पळू लागला. महिन्याभरात पुन्हा रडगाणं. मग रॅम वाढवली, विंडोज नव्याने टाकलं. पुन्हा काही दिवस बरं. दर वेळी गुण येत होता ना, मग संशय कसा येणार?

तिसऱ्या खेपेला मी शेजारी बसून होतो. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला, ‘प्रायमरी आयडीई चॅनल’ (हार्डडिस्क ज्या मार्गाने मदरबोर्डशी बोलते तो) अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं. दोन मिनिटांत पीसी सुसाट! आणि हा म्हणतो, “मदरबोर्ड बदलावा लागेल, घेऊन जातो.” आत्ता काय केलंत, विचारलं तर, “काही नाही, चेक केलं.”

पीसी दिला नाही. स्वतः शोधलं. डिस्कशी देवाणघेवाण करताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी वेग एक पायरी उतरवतं, आणि असं होत होत शेवटी डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची पद्धत) सुटून पीआयओ ही संथ पद्धत येते. पीआयओत डेटाची सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर. अल्ट्रा डीएमए मोड 5 ची मर्यादा सेकंदाला 100 एमबी, पीआयओ मोड 4 ची जेमतेम 16.6. चॅनल काढून रीस्टार्ट केलं की एक्सपी तो नव्याने ओळखतं आणि डीएमए परत येतं. विंडोज नव्याने टाकल्यावरही तेच होत होतं. रॅमचा काडीचा संबंध नव्हता.

चॅनलच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडलेलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्याकडेही तेच होतं. त्याखालचा ‘करंट ट्रान्सफर मोड’ बघा. तिथे पीआयओ असेल तर चुका कुठून येताहेत ते शोधा. माझी डिस्क मदरबोर्डला जोडणारी 80 तारांची चपटी रिबन केबल घडीवर चिरलेली निघाली. डिस्क बदलताना त्याने हीच केबल पुन्हा जोडली होती.

केबल बदलली, त्रास संपला. जुनी डिस्क परत मागायला गेलो. म्हणाला, “ती तर कधीच विकली गेली.”