बिनतारी व्हीआर डोंगल आणि लॅपटॉप: खोक्यावर न छापलेल्या अटी

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेने गेल्या वर्षी गावच्या लोकवर्गणीतून मेटा क्वेस्ट २ हा व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा) हेडसेट घेतला. आठवी-नववीच्या मुलांना हृदयाचे कप्पे आणि ग्रहांमधली अंतरे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा जवळून दाखवावीत, एवढाच त्यामागे हेतू होता. हेडसेट स्वतःच्या प्रोसेसरवर चालतो, परंतु आम्हाला हवे असलेले विज्ञानाचे कार्यक्रम संगणकावर चालणारे असल्याने शाळेच्या लॅपटॉपची जोड आवश्यक होती. तारेने जोडल्यास चित्र स्वच्छ येते. मात्र डोळे झाकलेले मूल जरा वळले, की तार पायात अडकते आणि लॅपटॉप टेबलाच्या कडेपर्यंत ओढला जातो. म्हणून बिनतारी जोडणीसाठी विकले जाणारे एक यूएसबी डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात खोचायचे छोटे उपकरण, आम्ही नागपूरला सीताबर्डीतील एका दुकानातून साडेपाच हजार रुपयांना आणले. हे परीक्षण त्या डोंगलचे आहे. पण खरे तर आमच्या लॅपटॉपाशी त्याचे जे जुळले नाही, त्याचे अधिक आहे.

खोक्यावर ‘विंडोज संगणकासाठी’ एवढाच उल्लेख होता. आमच्या लॅपटॉपात एएमडी कंपनीचा रायझेन प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे, त्यामुळे अडचण येईल असे मनातही आले नाही. अडचण पहिल्या मिनिटालाच आली. ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवण्यासाठी लॅपटॉपला लागणारे सॉफ्टवेअर, सीडीवर दिलेला होता आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपांना तो नसतो. अखेर शाळेच्या आवारात ज्या एका कडुनिंबाखाली मोबाइलला बरे नेटवर्क मिळते, तेथे लॅपटॉप नेऊन ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागला.

त्यानंतर चित्र दिसू लागले, पण ते टिकेना. पहिल्याच दिवशी नववीतील एक मुलगी हेडसेट काढून म्हणाली, “सर, थे पृथ्वी फिरता फिरता अटकून जाते जी, अन् मले गरगरते.” तिचे म्हणणे मी अत्यंत गांभीर्याने घेतले. हेडसेट सेकंदाला ७२ चित्रे दाखवत असेल, तर एका चित्रासाठी १४ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. मान वळली आणि चित्र मागे राहिले, तर डोळे एक सांगतात आणि कानातील तोलाचे इंद्रिय दुसरेच सांगते, आणि त्यातून मळमळ होते. दूरचित्रवाणीवर चित्र अडकले तर फक्त चिडचिड होते; येथे मूल आजारी पडते.

कारणे शोधण्यात दोन आठवडे गेले. लॅपटॉपच्या डाव्या बाजूचे यूएसबी पोर्ट २.० प्रकारचे होते आणि मी डोंगल त्यातच लावले होते. त्या पोर्टची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी हाती येते. तेव्हा डोंगल वाय-फाय ६ चे असूनही त्याचा वेग पोर्टच्या दारातच अडत होता. उजवीकडील निळ्या, ३.० प्रकारच्या पोर्टात ते लावल्यावर चित्र सुधारले, पण बाजूलाच असलेला बिनतारी माउस अडखळू लागला. असे माउस ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालतात, त्यात यूएसबी ३.० च्या जोडणीतून गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. यूएसबी ३.० ची एक्स्टेन्शन केबल आणून डोंगल हातभर दूर ठेवले, तेव्हा माउस ताळ्यावर आला.

तरीही दर काही मिनिटांनी जोडणी तुटतच होती. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीवरची उपकरणे अधूनमधून झोपवते आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना तर ग्राफिक्स कार्डाची शक्तीही कमी केली जाते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टची वीजबचत बंद केल्यावर तुटणे पुष्कळ कमी झाले, परंतु आमच्याकडे दुपारी वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि चित्र पुन्हा ओढाताणीचे होते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छताखाली तापलेला लॅपटॉप स्वतःहूनच वेग कमी करतो, तो भाग वेगळा. त्याचा दोष डोंगलला देता येणार नाही.

मधल्या काळात वर्ध्याच्या एका दुरुस्तीवाल्याने डोंगल सोडून लॅपटॉपातील वाय-फाय कार्डच बदलण्याचा सल्ला दिला आणि इंटेलचे एएक्स२११ कार्ड बसवले. ते खाचेत नीट बसले, पण लॅपटॉपला दिसलेच नाही. या कार्डाचे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांतील यंत्रणा करते, त्यामुळे रायझेनच्या लॅपटॉपात ते चालत नाही. तेथे एएक्स२१० लागते. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच. असाच घोटाळा एचटीसी व्हाइव्ह या दुसऱ्या व्हीआर हेडसेटसाठी २०१८ मध्ये आलेल्या बिनतारी अ‍ॅडॉप्टरबाबतही होऊ शकतो: त्याचे कार्ड डेस्कटॉपच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसवायचे असते आणि लॅपटॉपला तशी खाचच नसते. जुना माल स्वस्तात मिळतो म्हणून कोणी तो घेऊ नये.

शेवटी आम्ही ज्या मांडणीवर स्थिरावलो, तिच्यात डोंगल नाही. वाय-फाय ६ चा एक साधा राउटर घेतला, तो वर्गातच ठेवला आणि लॅपटॉप त्याला लॅन केबलने जोडला. बिनतारी प्रवास राउटरपासून हेडसेटपर्यंतचाच उरला आणि तोही ५ गिगाहर्ट्झवर. सुरुवातीला येथेही विंडोजमध्ये जोडणीचा वेग १०० मेगाबिट दिसत होता, कारण कपाटातून काढलेल्या जुन्या केबलमध्ये चारच तारा जोडलेल्या होत्या आणि गिगाबिटसाठी आठही लागतात. कॅट ६ केबल लावताच तो १००० झाला. चित्राचा प्रवाह वर्गातल्या वर्गातच फिरत असल्याने गावातील मंद इंटरनेटचा त्यावर परिणाम होत नाही. इंटरनेट लागते ते खाते उघडण्यासाठी आणि नव्या आवृत्त्यांसाठी. राउटर १२ व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला लहान यूपीएस लावला आहे आणि लॅपटॉप शाळेच्या इन्व्हर्टरवर घेतला आहे. मुलांना एका वेळी दहा मिनिटांहून अधिक हेडसेट देत नाही. गरगरल्याची तक्रार जुलैपासून एकदाही आलेली नाही.

डोंगल पूर्णतः निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, पण मोकळे यूएसबी ३.० पोर्ट आहे आणि ज्यांच्याकडे वीज अखंड असते, त्यांना ते चालू शकेल. पण कोणते पोर्ट हवे आणि ड्रायव्हर कोठून घ्यायचा, हे उत्पादकाने खोक्यावर स्पष्ट छापायला हवे होते. सील फुटले म्हणून दुकानदाराने ते परत घेतले नाही, आणि लोकवर्गणीतल्या त्या साडेपाच हजारांचा हिशेब ग्रामसभेत मला द्यावा लागला. मी तो दिला. आसपासच्या कोणत्याही शाळेला हे डोंगल स्वतःच्या लॅपटॉपवर लावून पाहायचे असेल, तर एक्स्टेन्शन केबलसह ते आठवडाभर नेता येईल. पाचपाच हजार घालवण्याआधी त्यांनी ते जरूर न्यावे.