पाय पाहून घडवलेली कोल्हापुरी
लहानपणी हाड मोडल्यामुळे माझा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा रुंद आहे. सात नंबर घेतला की उजवा आवळतो आणि आठ घेतला की डावा पुढे सरकतो, हे दुखणे कोल्हापुरात राहूनही मी वर्षानुवर्षे सोसले. या खेपेस मात्र चप्पल लाईनमधील एका जुन्या दुकानात मापाची जोडी करायला टाकली.

कारागिराने मला कागदावर उभे करून दोन्ही पाय पेन्सिलीने आखून घेतले आणि पंज्याचा घेर सुताने मोजला. रंगाचा प्रश्न सर्वांत शेवटी आला. त्याआधी दिवसभर उभे राहावे लागते का, चालणे रस्त्यावर जास्त की शेतात, हे विचारून त्याने माझ्या जुन्या पायताणाचा झिजलेला तळ उलटून पाहिला आणि म्हणाला, "गाडी गिअरची चालवता काय?" गिअर उचलताना डाव्या पट्ट्यावरची वेणी घासून तुटते, हे त्याने त्या जोडीवरूनच ओळखले होते. नव्या जोडीत त्याने वेणी मागे घेतली आणि डाव्या पट्ट्याला आतून जादा चामडे लावले. ग्राहकाची आवड विचारणे पुष्कळांना जमते, पण त्याला स्वतःला सांगता न येणारी गरज ओळखणे हे मला फार मोलाचे वाटते.

बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीची शिलाई, हे सारे परंपरेप्रमाणेच आहे. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कलेला हात न लावता केवळ माप आणि रचना बदलता येते, हे या जोडीने दाखवले. पहिले चार दिवस अंगठा लागला. खोबरेल तेल दिल्यावर चामडे मऊ पडले आणि तळ पायाच्या आकाराला बसला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दहा दिवसांचा वायदा एकोणीस दिवसांवर गेला आणि तसा निरोपही आला नाही. गोंडा नको असे बजावूनही तो लावला होता. तो मात्र समोरच काढून दिला. तयार जोडीपेक्षा 600 रुपये जास्त पडले, ते मला रास्त वाटतात. आखणीचा कागद दुकानात जपून ठेवण्याची पद्धत नाही, ती असायला हवी. माझा कागद मी मागून घरी आणला आहे. आता आईला न्यायचे आहे, तेही सायंकाळी, कारण तिचे पाय दिवस कलल्यावर सुजतात आणि माप त्याच वेळचे हवे, असे कारागिरानेच सांगितले आहे.