फोन उचलायला चिमूट बरी की मान?

आमचं मसाल्याचं दुकान सांगलीत, गणपती पेठेत. दुपारपर्यंत दोन्ही हात हळदीने पिवळे. फोन वाजला की कोपराने पडदा सरकवायचा, ही आजवरची रीत. हात न लावता फोन उचलता यावा म्हणून भाच्याचं स्मार्ट घड्याळ आणि मेहुण्याचे इअरबड्स आठवडा-आठवडा वापरून पाहिले. तुमचंही घेऊ की नको चाललं असेल तर सांगतो.

घड्याळाची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवायची, मिठाची चिमूट धरतो तशी. ॲपलने ती २०२३ मध्ये सिरीज ९ घड्याळात दिली, सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी वॉच ७ मध्ये. ॲपलच्या घड्याळात मनगटाची हालचाल टिपणारे सेन्सर आणि हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर मिळून हे ओळखतात. बोटं टेकली की मनगटातल्या रक्तप्रवाहात बारीकसा फरक पडतो, तो पकडतात. त्यासाठी घड्याळाचा पडदा जागा, म्हणजे उजळलेला हवा.

इअरबड्सना मान लागते. वरखाली केली तर हो, डावी-उजवीकडे फिरवली तर नाही. ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ आणि एअरपॉड्स ४ मध्ये हे २०२४ च्या आयओएस १८ (आयफोनची प्रणाली) पासून आहे, सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ मध्येही आहे.

ऐकायला मानेचंच सोपं वाटतं. पण आपली मान! "बरं बरं" म्हणताना ती वरखाली जात नाही, फिरतही नाही, नुसती खांद्याकडे कलते. यंत्राच्या हिशेबात ते हो नाही आणि नाहीही नाही. त्यात काउंटरवर दिवसभर मान हलतच असते. एक आजी "अर्धा किलोच ना रे?" म्हणाल्या, मी मान हलवली आणि त्याच क्षणी वाजणारा फोन उचलला गेला. पलीकडे उधारी मागणारा व्यापारी. मी त्याला "उद्या देतो" म्हटलं, तर आजी म्हणतात, "उद्या कशाला? मला आत्ता पाहिजे."

खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरवतात ते उगाच नाही. ज्याला कळायचं त्यालाच कळतं. चिमटीचं तसंच आहे; समोरच्याला पत्ताही लागत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला जिन्नस उजव्या हाताने द्यायचा, त्यामुळे घड्याळाचा डावा हात तसा मोकळाच असतो. फसलं ते एकदाच: फोन वाजत होता आणि मी पिशवीचं तोंड सुटावं म्हणून अंगठा-तर्जनी चोळत होतो.

शेजारच्या शिंप्याचं मात्र उलटं. दिवसभर चिमटीत टाचण्या, दोन्ही हात कापडावर, बोलायला समोर कुणी नाही. त्याने इअरबड्सच घ्यावेत. गाडीवर असताना मात्र दोन्ही नकोत.

शेवटी खिशातला फोन बघा. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, गॅलॅक्सी वॉच ७ आयफोनला जोडता येत नाही. एअरपॉड्सची मान आयफोनवरच. अँड्रॉइड असेल आणि मानच हवी असेल तर सोनीकडे बघा.

मी घड्याळ घेतलं. पिशवी आता फुंकर मारून उघडतो.