गेमच्या चित्राचं फ्लीस ब्लँकेट, काही महिने वापरल्यावर: ऊब टिकली, काळा रंग दगा देतोय

ब्लँकेटची घडी उघडली की चित्रातल्या काळ्या आकाशावर पांढरट रेघा दिसायला लागल्या, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. पिक्सेल चित्र, खाली विटांचे ठोकळे, वर रात्रीचं आकाश, 127 × 152 सेंमीचा नेहमीचा थ्रो (अंगावर घेऊन बसायच्या छोट्या ब्लँकेटचा) आकार. लाल-पिवळे ठोकळे अजून टवटवीत आहेत. बिघडलंय ते फक्त काळं, आणि तेही नेमकं घडीच्या जागी. विक्रेत्याला फोटो पाठवले तर "धुतल्यावर रंग थोडा जातोच" एवढंच उत्तर आलं. हे उत्तर चूक आहे, आणि त्यावर विसंबलं तर उपायही चुकतो.

रंग गेलेलाच नाही. ओलं पांढरं फडकं रेघेवर जोर लावून घासलं तरी फडक्याला काही लागत नाही, आणि धुतलेलं पाणीही स्वच्छ निघतं. दोन्ही अंगठ्यांनी लव दुभंगून पाहिली की खरं कारण दिसतं: तंतूचं टोक काळं, बुंधा पांढरा. ही छपाई सब्लिमेशनची. कागदावर छापलेलं चित्र साधारण 190 ते 200 अंश सेल्सिअसला कापडावर दाबतात, रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या आत शिरते. शिरलेला रंग पक्का असतो, पण दाबाखाली लव आडवी पडलेली असल्यामुळे तो वरच्या भागापर्यंतच पोचतो. शिवाय ही शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो, त्यामुळे मूळ कापड पांढरंच घ्यावं लागतं. म्हणजे चित्रातलं काळं आकाश हा पांढऱ्या कापडावरचा वरवरचा थर आहे. घडीच्या कडेवर लव दोन्हीकडे फाकते आणि तळ उघडा पडतो. चित्रात फिकट निळं आकाश असतं तर हे फाकणं कळलंही नसतं. गेमच्या चित्रांत काळी पार्श्वभूमी सर्रास असते, म्हणून हा दोष या ब्लँकेटांत जास्त खुपतो.

उपाय आहे. घडी घालताना चित्र आतल्या बाजूला ठेवायचं. मग कडेवर छापील लव फाकत नाही, दबते. त्याहून बरं म्हणजे घडीच न घालता गुंडाळी करणं. पडलेल्या रेघेवर वाफेची इस्त्री किंवा स्टीमर 15 सेंमी वरून फिरवायचा, कापडाला टेकवायचा नाही, आणि लव कोमट असतानाच मऊ ब्रश उलट-सुलट फिरवायचा. पॉलिएस्टरचा तंतू 70 ते 80 अंशांच्या आसपास नरम पडतो आणि ज्या आकारात थंड होईल तो आकार धरतो, त्यामुळे वाफेने लव पुन्हा उभी राहते. ताज्या रेघा जवळजवळ नाहीशा होतात. जिथे सतत घासून लव तुटली आहे, तिथे काही होत नाही. गरम इस्त्री मात्र थेट कधीच फिरवू नये: लव कायमची चपटी होते आणि आतला रंग पुन्हा वाफ होऊन इस्त्रीच्या कापडावर उतरू शकतो.

आता वजन. जाहिरातीत 280 जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला 280 ग्रॅम, लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ब्लँकेट भरलं 430 ग्रॅम. क्षेत्रफळ 1.93 चौरस मीटर, म्हणजे प्रत्यक्षात 223 जीएसएम. खरोखर 280 असतं तर काटा 540 ग्रॅम दाखवायला हवा होता. शंभरावर ग्रॅम कमी देणं ही उघड फसवणूक आहे, आणि हा हिशेब कुणालाही पार्सल उघडल्याबरोबर करता येतो. परत करण्याची मुदत संपायच्या आत तो करावाच.

एवढं कमी भरल्यावर ऊबही बेताचीच असणार असं वाटलं होतं. वापरात ते मत बदललं. बंद खोलीत बसून खेळताना मांडीवर आणि पायांवर हे पुरेसं गरम राहतं, कारण ऊब कापडाच्या वजनापेक्षा लवेत अडकलेल्या हवेवर ठरते. फरक पडतो तो वाऱ्याने. पंखा चालू केला किंवा खिडकीची झुळूक आली की फ्लीसच्या विणीतून हवा आरपार जाते आणि अडकलेली ऊब निघून जाते. त्यावर घट्ट विणीची साधी सुती चादर टाकली की गोष्टच बदलते. चादर वर आणि फ्लीस खाली, हा क्रम महत्त्वाचा. उलट केलं तर वारा फ्लीसमध्ये शिरतोच. रात्रभर झोपायला मात्र हा आकार मोठ्या माणसाला अपुरा आहे. पाय झाकले की खांदे उघडे. आणि पॉलिएस्टर ओल फारशी शोषत नाही, त्यामुळे ब्लँकेट लवकर वाळतं, पण घाम आला की आत चिकचिकही होते.

धुण्यात सगळा खेळ लव वाचवण्याचा आहे. चित्राची बाजू आत घेऊन, 30 अंशांवर, नाजूक कपड्यांच्या सायकलवर, लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या निम्मं. पावडरचे न विरघळलेले कण लवेत अडकून ती राठ होते. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको: त्याचा थर तंतूंवर बसतो, लव एकमेकांना चिकटते, ऊब कमी होते आणि काळ्याखालचं पांढरं दिसू लागतं. सोबत टॉवेल टाकू नये, त्याचा कापूस काळ्यावर बसतो तो निघता निघत नाही. जीन्सची चेन लव ओरबाडते. ड्रायर लावायचाच तर उष्णतेशिवाय. वाळत घालताना एकाच बारीक दोरीवर टाकलं की दोरीच्या जागीच नवी पांढरी रेघ तयार होते; दोन समांतर दोऱ्यांवर पसरून टाकावं.

बोंडं, म्हणजे तंतूंच्या बारीक गाठी, आली आहेत, पण बसण्याच्या आणि टाचा घासण्याच्या जागीच. पॉलिएस्टरचा तंतू चिवट, म्हणून बोंड आपोआप गळून पडत नाही. ओढलं तर शेजारचे तंतूही बाहेर येतात. लिंट शेव्हर (बोंडं कापणारं छोटं यंत्र) हलक्या हाताने फिरवणं एवढंच करावं.

काठाची ओव्हरलॉक शिलाई एका कोपऱ्यात सुटली. सुटलेला दोरा ओढला तर सगळी बाजू उसवत जाते, म्हणून तो कापायचा. फ्लीसची वीण कापल्या जागी सुटत नसल्यामुळे घाई नसते, मात्र काठ ताणून लाटांसारखा होऊ लागतो. काठ 1.5 सेंमी दुमडून, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, 90 नंबरच्या बॉलपॉइंट (गोल टोकाच्या) सुईने, 4 मिमी लांबीची झिगझॅग टीप मारावी. मशिनच्या पायाचा दाब कमी ठेवावा, नाहीतर काठ पुन्हा ताणला जातो. हाताने करायचं असेल तर काजाचा टाका, सेंटीमीटरला एक. तो मूळ ओव्हरलॉकपेक्षा नक्कीच जास्त टिकेल.

खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नवं ब्लँकेट पहिल्या काही धुण्यांपर्यंत बारीक तंतू सोडतं. कन्सोल जमिनीवर असेल तर ते पंख्यातून थेट आत ओढले जातात आणि हीटसिंकवर (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) बसतात. म्हणून आधी दोनदा धुऊन मगच वापरायला काढावं. पॉवर अॅडॉप्टर किंवा लॅपटॉप या ब्लँकेटवर ठेवू नये: लव हवेच्या जाळ्या पूर्ण बुजवते. कोरड्या हवेत स्थिर वीजही बरीच साठते, तेव्हा ब्लँकेट बाजूला करून उठल्यावर यूएसबी पोर्टला हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावून घ्यावा.