फिडेलिटी डिझायनर माख थ्री: 2265 हा आकडा किती खरा?

जुन्या बुद्धिबळ-संगणकांत हे यंत्र माझं सगळ्यात लाडकं. 16 मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला 68000 प्रोसेसर आणि डॅन व कॅथी स्प्रॅकलेन या जोडप्याचा प्रोग्रॅम. नावातच 'मास्टर 2265' आहे, आणि भांडण त्यावरूनच: यंत्र खरंच तेवढं तगडं आहे का?

हा आकडा म्हणजे रेटिंग, खेळाची ताकद सांगणारे गुण; तो अमेरिकन बुद्धिबळ संघटनेच्या चाचणीतला. तिथे 2200 म्हणजे मास्टर. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग वेगळं, त्यामुळे आपल्याकडच्या खेळाडूनं दोन्ही सरळ ताडून बघू नयेत. स्वीडनची संगणक-बुद्धिबळ संघटना यंत्रांना आपसात खेळवून यादी काढते. तिथे हे 2265च्या बरंच खाली दिसतं. त्या यादीचेही आकडे फुगलेत अशी ओरड होती, म्हणून 2000 साली सगळ्यांचे सरसकट 100 गुण कमी केले गेले.

मग खरं काय? पटावर मोकळी मारामारी असली की यंत्र भेदक आहे. यंत्रानं घोडा फुकट दिलाय असं वाटून मी तो घेतला, तर चार खेळ्यांत माझा वजीर अडकला! पण प्याद्यांची साखळी घट्ट बंद केली की ते हत्ती इकडून तिकडे हलवत बसतं. चाचणीत असं बंद खेळणारे किती होते, यावर आकडा हलणारच.

जुनं घेताना खोक्यावरचा आकडा बघून पैसे मोजू नका. यंत्राला खेळी घर दाबूनच कळते, म्हणून चौसष्टही घरं दाबून बघा. एखादं घर दाद देत नसेल तर डावच पुढे सरकत नाही. घरं ठीक असतील तर बिनधास्त घ्या.